खानदानी नऊ अंडी

१७ जानेवारी, पहाटे

आजपासून रोजनिशी. माणूस रागाने बोलला की चार जण हसतात. लिहिलं तर निदान हसणारं कोणी नसतं.

जे घडलं ते एकदाच लिहितो, मग त्या विषयाला कुलूप. संक्रांतीच्या झुंजीत माझा कोंबडा गजपती सुब्बराजूच्या कोंबड्यासमोर उतरला. सुब्बराजू म्हणजे वेंकायम्माचा थोरला भाऊ, माझा मेहुणा, नारळांच्या ओळीपलीकडे राहतो. गजपतीने एकदा समोर पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि रिंगणाबाहेर उडी मारून उसाच्या रसाच्या गाड्यावर जाऊन बसला. लोक याला पळणं म्हणतात. मी माघार म्हणतो. मोठमोठे सेनापती घेतात. जावई प्रणीत लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला हैदराबादहून आला होता, त्याने सगळं मोबाईलवर टिपलं. आता आमच्या फॅमिली ग्रुपवर गजपतीचा स्टिकर झाला आहे. कोणी भांडी घासायला टाळाटाळ केली तरी तो टाकतात.

हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या चुलीवर जातो, ही आमच्या गोदावरीकडची रीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सुब्बराजूने त्याचं कालवण करून एक डबा आमच्याकडे पाठवला. वर निरोप: बावा (म्हणजे मेहुण्या), तू वाढवलेला आहेस, पहिला घास तुझा.

मी डब्याला शिवलो नाही. रस्सा तेवढा घेतला, कारण भात कोरडा होता.

१८ जानेवारी

प्रतिज्ञा केली. नवा कोंबडा अंड्यापासून घडवायचा. ओसरीवर उभं राहून, सुब्बराजूच्या खिडकीकडे तोंड करून, शाळेतल्या ड्रिलच्या आवाजात. माझ्या अंड्यांतून निघालेली पिल्लं दाणे टिपताना मी माझ्या डोळ्यांनी पाहीपर्यंत त्या घराचा उंबरा ओलांडणार नाही. माझ्या घरातलंही कोणी ओलांडणार नाही.

वेंकायम्मा म्हणाली, अहो, ते माझं माहेर आहे. मी म्हणालो, महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. ती म्हणाली, वदिना, माझी वहिनी, वारल्यापासून माझ्या भावाला, अन्नय्याला, रोज संध्याकाळी आमटी-भाजी आपल्याकडून जाते, तो एकटा असला की नुसता भात लावतो आणि उभ्या उभ्या खातो. मी म्हणालो, गोंगुऱ्याचं, म्हणजे अंबाडीचं, लोणचं असतं ना त्याच्याकडे. यावर ती भांडी उचलून आत गेली. पटलं असावं.

२७ जानेवारी

आमची कोंबडी रुद्रम्मा खुडूक झाली. दोन दिवस टोपलीत फुगून बसली आहे, जवळ गेलं की पिसं फुलवून गुरगुरते. हीच ती. दिसायला साधी गावठी, अंगावर ठिपके, पण नजर बघितली तर चारचौघांना घरी पाठवेल. माझ्या मनगटावर तिने पहिला वार केला. बोर्डाच्या परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या मुलांनी शपथ घेऊन खोटं बोलावं तशी ही कोंबडी नाही, जे मनात ते चोचीत.

वेंकायम्मा म्हणाली, तिच्या अंगाखाली घरचीच अंडी सरकवा आणि मोकळे व्हा. घरची अंडी म्हणजे गजपतीचा वंश. काही सूचना अशा असतात की उत्तर देणाऱ्याचा अपमान होतो.

३० जानेवारी

दोन बस बदलून भीमवरमपलीकडच्या गावी गेलो. तिथे एका म्हाताऱ्याकडे डेगा कोंबड्यांचं घराणं आहे. डेगा म्हणजे लाल. आजोबा, पणजोबा, सगळे रिंगणात नाव काढलेले. म्हाताऱ्याने अंडी द्यायच्या आधी माझी उलटतपासणी केली. कोंबडी कोणती, कितव्यांदा बसतेय, आडोसा आहे का. मी सांगितलं, मी तीस वर्षं ड्रिल मास्तर होतो, अर्ध्या तालुक्याच्या पाठी मी सरळ केल्या आहेत. तो म्हणाला, मास्तरगारू, कोंबडीला फक्त एकटं सोडायचं असतं. म्हातारपणी माणसाचं डोकं चालत नाही, त्याला काय करणार.

भाताच्या पेंढ्यात गुंडाळून नऊ अंडी आणली. तांबूस, लहानसर, टोकाला निमुळती. बसमध्ये मांडीवर धरून बसलो होतो. शेजारच्या बाईने विचारलं, देवाचं आहे का. मी हो म्हणालो. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने माझ्या नावाचं आद्याक्षर घातलं. रामभद्रराजूचा ‘रा’. उद्या रिंगणात लोक विचारतील, कुणाचा कोंबडा.

२ फेब्रुवारी, रविवार

अंडी ठेवली. मुहूर्त पाहून ठेवली.

आमच्याकडे कोंबड्यांचं पंचांग असतं. कोणत्या वारी, कोणत्या रंगाचा कोंबडा, कोणत्या दिशेने रिंगणात सोडला तर जिंकतो, सगळं त्यात दिलेलं असतं. संक्रांतीला सगळे ते बघतात. पण ते उबवण्याला लावायचं आजवर कोणाच्या डोक्यात आलं नाही. मला आलं. ज्या दिवशी जी दिशा जिंकणारी, त्या दिवशी टोपलीचं तोंड तिकडे. म्हणजे पिल्लू अंड्यात असतानाच योग्य दिशेने तोंड करून वाढेल.

वेंकायम्मा म्हणाली, अहो, ते पुस्तक झुंजीचं आहे, बाळंतपणाचं नाही. बायकांना दूरदृष्टी नसते हे मी लिहिणार नाही, कारण ती कधी कधी माझं अक्षर लावते.

४ फेब्रुवारी

आज मंगळवार, टोपली फिरवली. रुद्रम्मा आतच होती. डाव्या हातावर तीन वार. टोपलीचं तोंड भिंतीकडे आलं म्हणून भिंतीपासून अर्धा हात पुढे ओढावी लागली, त्यात ती बाहेर उडाली. तिला पकडून परत बसवली. पुन्हा उडाली. पुन्हा बसवली. शिस्त अशीच लागते.

अंगणात येणाऱ्या-जाणाऱ्यांना बंदी. मीठवाला, दूधवाला, टपालवाला, सगळ्यांनी आता फाटकाबाहेरूनच हाक मारायची. टपालवाल्याने विचारलं, घरात सुतक आहे का. माझं डोकं फिरलं.

५ फेब्रुवारी

नवीन कल्पना. रिंगणातला गलका मोबाईलवर टिपलेला आहे. प्रणीतच्याच व्हिडिओतून घेतला, निदान त्याचा एवढा तरी उपयोग. सकाळ-संध्याकाळ टोपलीजवळ वाजवायचा. लोकांच्या आरडाओरड्याने गजपती बिचकला होता. या पिल्लांना तो पाळण्यातल्या गाण्यासारखा वाटेल.

अडचण एकच, त्या आवाजात सुब्बराजूचं हसणं आहे. ते कापता येत नाही. प्रणीतला फोन केला. तो म्हणाला, मामय्या, ते काढलं तर बाकी काही उरतच नाही. फोन ठेवला. आदळला म्हणणं जास्त खरं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दिशा बदलली. शिट्टी वाजवून बदलली, म्हणजे कोंबडीला पूर्वसूचना मिळते. परिणाम उलट. ती टोपलीतून निघून थेट तुळशीवर. दोन तास खाली उतरेना. अंड्यांवर माझं जुनं ड्रिलचं स्वेटर घातलं. लोकर शुद्ध आहे.

संध्याकाळी सुब्बराजू त्याच्या अंगणात खुर्ची टाकून बसला होता. एकटाच. समोर ताट. मी बघितलं नाही, पण नुसता भात होता.

तो नारळांच्या ओळीपर्यंत आला आणि म्हणाला, बावा, कोंबडीला त्रास देऊ नकोस, एकवीस दिवस ती जागची हलवायची नसते. मी वेंकायम्माला म्हणालो, तुझ्या भावाला सांग, आमच्या घरात त्याच्याशी कोणी बोलत नाही. ती म्हणाली, तो चार पावलांवर उभा आहे, त्याने ऐकलं. मग तिला तो निरोप सांगावा लागला नाही.

९ फेब्रुवारी

माझ्या शिबिराविरुद्ध कट चालला आहे. रुद्रम्मा दाणे खायला उठते ती पटकन परत येत नाही. धुळीत लोळते, माझ्याकडे एका डोळ्याने बघते. मी तिला धरून बसवली. तिने अंगठ्याचं कातडं काढलं. अंगठ्याला पट्टी बांधताना वेंकायम्माने विचारलं, अहो, ही शपथ कधी संपणार. मी म्हणालो, पिल्लं दाणे टिपतील तेव्हा. ती म्हणाली, आणि पिल्लं निघालीच नाहीत तर. मी म्हणालो, असं अभद्र बोलू नये. ती म्हणाली, मी अभद्र बोलत नाही, मी विचारतेय.

तिने पट्टी जरा घट्ट बांधली.

१२ फेब्रुवारी, सकाळ

रुद्रम्मा गेली.

नवी दिशा, शिट्टी, टोपली उचलली. तेवढ्यात तिने माझ्या कपाळावर झेप घेतली, तिथून कौलांवर, तिथून कालव्यापलीकडे. मी पळालो, पण कालव्याला पाणी होतं. पलीकडून ती ओरडत होती. मी अलीकडून. लोक जमले. मी शांत होतो असं मला वाटतं, पण वेंकायम्मा म्हणते मी कोंबडीला शाळेतून नाव काढून टाकीन असं म्हणालो.

डरपोक. गद्दार. गावठी ती गावठीच. रक्तात काही नसेल तर वरून किती शिकवणार.

त्याच दिवशी, दुपार

माघार नाही. कोंबडीला जे जमतं ते माणसाला का जमू नये? ऊब म्हणजे काय, अंगातली उष्णता. ती माझ्यात भरपूर आहे, डॉक्टरही म्हणाले होते, राजूगारू, डोकं थंड ठेवा. बल्ब लावणार नाही. दिव्याच्या उजेडात जन्मलेल्या कोंबड्याला सूर्याची किंमत कळत नाही.

वेंकायम्माच्या जुन्या सुती साडीत अंडी घेऊन पोटाला बांधायची, आरामखुर्चीत पडायचं. फार दमलो होतो. आधी थोडी झोप काढतो, अंडी तोवर टोपलीत स्वेटरखाली. मग कामाला लागतो.

१३ फेब्रुवारी

उत्तम चाललं आहे. काल दुपारी उठलो तेव्हा वेंकायम्माने अंडी साडीत गुंडाळून तयारच ठेवली होती. पहिल्यांदाच तिने मला मनापासून साथ दिली. डोळे लाल होते. माझा निश्चय बघून भरून आलं असणार.

एक आश्चर्य. अंड्यांचा रंग पालटतोय. तांबूस होती, ती एका दुपारीत पांढरीशुभ्र झाली. माझ्या अंगाची ऊब कोंबडीपेक्षा शुद्ध आहे, त्याचा परिणाम. आणि आकार! चक्क मोठी झाली आहेत. आत वाढ होते म्हटल्यावर बाहेर दिसणारच. पेन्सिलची ‘रा’ पुसली गेली, घामाने.

१५ फेब्रुवारी

उठता येत नाही, वाकता येत नाही, शिंकता येत नाही. वेंकायम्मा दुपारी दोन-दोन तास गायब असते. विचारलं तर म्हणते, कालव्यावर धुणं. एवढे कपडे आपल्याकडे आहेत हे मला माहीत नव्हतं.

फाटकाबाहेरून टपालवाल्याने मला पोट धरून पडलेलं पाहिलं आणि गावात बातमी पसरवली की मास्तरांना हर्निया झाला आहे. शाळेतले जुने सहकारी आले. नशीब फाटकाबाहेर ठेवले. एकाने ओरडून विचारलं, ऑपरेशन कधी. मी ओरडून सांगितलं, पुढच्या रविवारी. जाताना ते फार काळजीत दिसले.

संध्याकाळी नारळांच्या ओळीवरून चार शहाळी आणि केळ्यांचा घड आला. सुब्बराजूकडून. निरोप: बावा, खोकू नकोस. याला हिणवणं म्हणतात. शहाळी पाठवून हिणवणारा माणूस फार वरच्या पातळीचा दुष्ट असतो. तीन प्यायलो, चौथं वेंकायम्माला दिलं.

१९ फेब्रुवारी

आज आतून टकटक ऐकू आली. पोटाला कान लावता येत नाही म्हणून वेंकायम्माला ऐकायला सांगितलं. तिने कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग म्हणाली, अहो, ही तुमच्या पोटाची गुरगुर आहे, भूक लागलीय तुम्हाला. मी चिडलो. आईच्या कानाला लेकरांची चाहूल लागते, आणि सध्या आई मी आहे.

हे वाक्य तिला बोलून दाखवलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

दिवस भरले. काही नाही.

मात्र नारळांपलीकडे सकाळपासून चिवचिव. सुब्बराजूच्या कोंबडीने पिल्लं काढली. आजच. माझ्याच दिवशी. त्या माणसाला माझी एकही गोष्ट सुखाने होऊ द्यायची नाही. त्याने काय शास्त्र पाहिलं? काय दिशा बघितली? टोपली कोपऱ्यात ठेवून दिली असेल आणि विसरला असेल. आळशी माणसाला सगळं आयतं मिळतं. इतका राग आला की पोटावरची अंडीसुद्धा दचकली असतील.

मी वेंकायम्माला हाक मारली. घरात नव्हती. कालव्यावरही नव्हती.

त्याच दिवशी, दुपार

रागात शिंक आली. एक अंडं फुटलं. आत पिवळा धमक बलक, ताजा, आमलेटला घालावा असा. पिल्लाचा मागमूस नाही.

ओली साडी पोटाला तशीच धरून नारळांच्या ओळीपर्यंत गेलो. वेंकायम्मा तिच्या माहेरच्या पायरीवर बसली होती, पदर खोचून, मुठीत कण्या. समोर लाल पिल्लं. शेजारी सुब्बराजू.

मी ओरडलो, प्रतिज्ञा मोडलीस. ती म्हणाली, हो, मोडली. रुद्रम्मा उडाली त्याच दुपारी मोडली. तुम्ही घोरत होतात आणि टोपलीत अंडी गार पडत चालली होती. अन्नय्याची कोंबडी बसलेली होती, तिच्याखाली नेऊन घातली, तुमच्या साडीत दुकानातली बांधली. ही पिल्लं तुमच्या अंड्यांची आहेत.

मी म्हणालो, मला सांगायचं. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही शपथेसाठी ती परत आणली असतीत. मग ती मुळीच आवाज न चढवता म्हणाली, आणि ती अंडी मेली असती ना, तर हे दार मला जन्मभर बंद झालं असतं. तुम्ही कोंबड्यासाठी बसला होतात. मी कशासाठी बसले होते ते एकदा तरी विचारलंत?

विचारलं नव्हतं. हे मी इथे लिहून ठेवतो.

पिल्लं कण्या टिपत होती. नऊपैकी सात. मी माझ्या डोळ्यांनी पाहत होतो, म्हणजे शपथ फिटली होती, पण पाय उचलेना. लाज वाटत होती. पोटावरून बलक गळत होता. सुब्बराजू उठला, आतून एक खुर्ची आणून नारळांजवळ ठेवली, एक ओला पंचा तिच्या पाठीवर टाकला आणि म्हणाला, बावा, पुसून घे, मुंग्या लागतील. तो हसला असता तर बरं झालं असतं. तेव्हा काय करायचं ते मला ठाऊक होतं.

२४ फेब्रुवारी

पिल्लं घरी आणायचं ठरवलं. माझी आहेत. सुब्बराजूच्या कोंबडीने दोन्ही हातांवर वार केले. ती आई त्यांना सोडत नाही. सुब्बराजू म्हणाला, अंगातली ऊब लागते बावा, अजून दीड-दोन महिने.

ठीक आहे. रोज दहा मिनिटं जाऊन देखरेख करायची. फक्त दहा. गप्पा नाहीत.

११ मार्च

देखरेख सकाळी सातपासून दुपारी बारापर्यंत. पुन्हा चार ते आठ. शिस्त लावायला वेळ लागतो. सुब्बराजू कॉफीत साखर फार घालतो, ते त्याला तीनदा सांगितलं. भांडण झालं. मी उठून आलो आणि चष्मा तिथेच विसरलो म्हणून परत गेलो.

पंचांगावरूनही भांडण झालं. तो म्हणतो, दिशा-बिशा काही नसतं, त्या दिवशी तुझा गजपती तापाने फणफणला होता, मी डोळे बघून ओळखलं होतं, तुला सांगणार तोवर तू सोडलास. हे खोटं आहे. असलं तरी हे संक्रांतीच्या आधी सांगायला हवं होतं. दोन्ही कारणांनी मला राग आला.

१९ एप्रिल

सुब्बराजूने आज सातही पिल्लं एकेक करून हातात घेतली, डोक्यावर बोट फिरवलं, शेपटी पाहिली आणि खाली सोडली. म्हणाला, बावा, सगळ्या तलंगा आहेत. मी म्हणालो, नीट बघ. त्याने पुन्हा बघितलं. सगळ्या कोंबड्या. डेगा घराण्याच्या, आजोबा-पणजोबांच्या, आणि पुढच्या संक्रांतीला रिंगणात उतरवायला एकही नाही.

मी म्हणालो, तुझ्या कोंबडीने ऊब नीट दिली नाही. तो म्हणाला, असेल. मी म्हणालो, टोपलीची दिशा चुकली. तो म्हणाला, असेल बावा. हे ‘असेल’ मला सहन होत नाही. माणसाने भांडावं तरी. मी उठलो, चप्पल पायात घातली, म्हणालो, पुन्हा या घरात पाऊल टाकणार नाही, आणि पायरी उतरलो.

समोरून वेंकायम्मा येत होती. एका हातात आमटीचं भांडं, दुसऱ्या हातात भाजी, काखेत भाताचं पातेलं. म्हणाली, कुठे निघालात? घरी काही ठेवलेलं नाही, तिघांचंही इथेच आणलंय.

भाताचं पातेलं तिच्या काखेतून घसरत होतं. ते मी धरलं, आणि धरल्यावर आत नेऊन ठेवावंच लागलं.

राग आहेच. जेवून झाल्यावर पुन्हा निघेन.